पोरांच्या हाती टेप द्या : गावातल्या तरुणांना पाण्याच्या कामाला कसं जोडायचं

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात तरुण मंडळांची कमी नाही. शिवजयंतीचं वेगळं, भीमजयंतीचं वेगळं, अण्णाभाऊंच्या जयंतीचं वेगळं, गणपतीचं आणखी वेगळं. मिरवणुकीच्या बैठकीला रात्री अकराला तीस पोरं जमतात आणि श्रमदानाला सकाळी सातला चार. त्यावरून "आजकालच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही" असं पारावर बोललं जातं. पण बैठकीत त्या पोरांना ठरवायला मिळतं: वर्गणी किती, मिरवणूक कोणत्या गल्लीतून, पुढं कोण. श्रमदानात फक्त घमेलं उचलायचं असतं. चर कुठं खणायचा ते आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि फोटो निघाला की काम संपतं. अशा ठिकाणी पोरं एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत.

म्हणून इथं सांगितलेली पद्धत श्रमदानापासून सुरू होत नाही, मोजणीपासून होते. पोरांनी गावाचं पाणी मोजायचं, नोंद त्यांनीच ठेवायची आणि ग्रामसभेत आकडाही त्यांनीच मांडायचा. खणणं, गाळ काढणं, झाडं लावणं हे त्यानंतर. ते कुठं करायचं हे तोवर त्यांना इतरांपेक्षा जास्त कळलेलं असतं.

पाणीच का, हे इकडच्या माणसाला समजावायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकं आणि माती वाहून गेली. कामाच्या बाजूनेही पाणी सोयीचं आहे. प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध येतो, खर्च कमी लागतो आणि महिन्याभरात हातात आकडा येतो.

कोणाला घ्यायचं

पहिली बैठक दवंडी देऊन, ग्रामपंचायतीत, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली घेऊ नका. तिथं पोरं मागं उभी राहतात आणि पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी बोलतात. त्याऐवजी आठवडाभर पोरं जिथं असतात तिथं जा. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला १६०० मीटरचा सराव करायला रस्त्यावर असतात. स्पर्धा परीक्षावाली अभ्यासिकेत, कॉलेजची एसटी स्टँडवर, आणि उरलेली मोबाईलच्या दुकानासमोर किंवा सलूनमध्ये. भरतीवाली पोरं यात सोन्यासारखी. लवकर उठायची सवय असते, अंगात शिस्त असते आणि विहीर मोजायची वेळ नेमकी तीच असते.

बारा ते पंधरा जण पुरे. चाळीस नावं लिहून घेतली की कुणाचीच जबाबदारी राहत नाही. बारांच्या सहा जोड्या करा आणि जोड्या मुद्दाम मोडून लावा: एक गावठाणातला तर दुसरा तांड्यावरचा किंवा वस्तीवरचा, एक बारावीचा तर दुसरा शेती करणारा. दोघं एकाच भावकीतले असले की ते फक्त आपल्याच शिवारातल्या विहिरी मोजतात आणि दुसऱ्या गल्लीतली पोरं "हे त्यांचं काम आहे" म्हणून अंग काढून घेतात. पहिल्याच महिन्यात गट एका जातीचा, एका गल्लीचा दिसला तर पुढं तो दुरुस्त होत नाही. हे अवघडल्यासारखं वाटलं तरी सुरुवातीलाच करा.

वयाची एक मर्यादा पाळाच. चौदाच्या आतल्या मुलांना विहिरीवर न्यायचं नाही. त्यांना शाळेतलं पर्जन्यमापक द्या.

कॉलेजच्या पोरांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेचा उपयोग करून घ्या. त्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर असतं. कार्यक्रम अधिकाऱ्याला आधीच भेटून मोजणीचे तास त्यात धरायला सांगा. सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या सगळ्या विहिरी-बोअरची यादी आणि नकाशा आरामात होतो. रस्ता झाडण्यापेक्षा ते काम किती तरी बरं.

सामान

तीस मीटरचा फायबरचा टेप, ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश, दोन जाड रजिस्टर, खडू, एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं), एक पर्जन्यमापक आणि भिंतीवर रंगवलेला फळा. टेप दोन घ्या, एक हमखास विहिरीत पडतो. सगळं मिळून तीन-चार हजारांत बसतं. हे पैसे एखाद्या नेत्याकडून घेऊ नका. घेतले की फळ्यावर त्याचा फोटो येतो, आणि निवडणूक लागली की अर्धा गाव आकडाच खोटा म्हणतो. शंभर घरांकडून तीस-चाळीस रुपये काढा. पावती द्या, हिशेब फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहा. ज्याने तीस रुपये दिले तो येता-जाता फळा वाचतो, हा वरचा फायदा.

विहीर कशी मोजायची

साऱ्या कामाचा पाया हाच आहे आणि चुकाही इथंच होतात.

आधी विहिरी निवडा. हजार हेक्टरच्या शिवाराला पंधरा ते अठरा विहिरी पुरतात. सगळ्या नदीकाठच्या नकोत. काही माथ्यावरच्या, काही मधल्या उताराच्या, काही ओढ्याजवळच्या घ्या. पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर आणि वस्ती-तांड्यावरची विहीर त्यात असलीच पाहिजे. निवडताना म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन एक शिवारफेरी करा आणि एकच प्रश्न विचारा: "बहात्तरला कोणत्या विहिरीला पाणी होतं?" १९७२ च्या दुष्काळात न आटलेल्या विहिरी त्यांना नावानिशी आठवतात. त्या यादीत घ्या. या फेरीने आणखी एक काम होतं. पुढं आकडे बाहेर आल्यावर "कालची पोरं आम्हाला शिकवणार" असं म्हणायला म्हातारी माणसं उठत नाहीत, कारण विहिरी त्यांनीच दाखवलेल्या असतात.

मालकाची तोंडी परवानगी घ्या आणि त्याला सांगा की फळ्यावर नाव येणार नाही, फक्त नंबर येईल. हा शब्द पाळायचा.

आता प्रत्येक विहिरीच्या काठावर एका ठरलेल्या जागी ऑइल पेंटने बोटभर रेघ मारा आणि नंबर टाका. टेप नेहमी त्या रेघेवरूनच सोडायचा. कठडा असेल तर कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. समजा रेघेपासून पाणी ७.२० मीटरवर लागलं आणि कठडा ०.९० मीटर आहे, तर जमिनीपासून पाणी ६.३० मीटर खोल. फळ्यावर ६.३० जातं. एका पोराने कठड्यावरून मोजलं आणि दुसऱ्याने जमिनीवरून, की पंधरा दिवसांत पाणी जवळजवळ एक मीटर चढल्याचं दिसतं आणि गाव हसतं.

टेपच्या टोकाला वजन हवं. जड नट चालतो, पण पितळेची किंवा स्टीलची छोटी वाटी पालथी बांधली तर जास्त चांगलं. वाटी पाण्याला टेकली की "टप्प" असा आवाज येतो आणि खोल अंधाऱ्या आडातही पाणी कुठं लागलं ते कळतं. दोन-तीनदा वर-खाली करून आवाजाची जागा पक्की करा. वाटी टेपच्या शून्याच्या खाली जितकी लोंबते तितकी लांबी मापात मिळवायला विसरू नका.

मोटार रात्रभर बंद असली पाहिजे. चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर मोजलं तर विहीर खाली गेलेली दिसते, आणि हे माप शिवाराचं नसतं, उपशाचं असतं. शेतीची लाईट आठवड्याने पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे मोटारी चालू सापडतात. म्हणून मोजणीची तारीख ठरवण्याआधी लाईटचं वेळापत्रक बघा. मोटार चालूच असेल तर आकडा लिहू नका, "मोटार चालू" एवढंच लिहा. रिकामा रकाना खोट्या आकड्यापेक्षा बरा.

ग्रुपवर पाठवायचा मेसेज सगळ्यांचा एकाच साच्यात हवा:

"विहीर ७. रेघेपासून ७.२०. मोटार बंद. स. ६.४०. होतो दोघं."

शेवटच्या दोन शब्दांना हसू नका. जोडीतला एकटाच गेला होता का, हे त्यातून कळतं. एकट्याने जायचं नाही हा नियम आहे. विहिरीत उतरायचं नाही, कशासाठीही नाही. टेप पडला तर पडू द्या. जुन्या बंद विहिरीत तळाशी विषारी वायू साठलेला असतो आणि त्यात गुदमरून माणसं जातात. कठडा नसेल तर काठापासून हातभर मागं पोटावर झोपून टेप सोडायचा, दुसऱ्याने पाय धरायचे. स्टार्टरच्या पेटीला आणि उघड्या वायरला ओल्या हाताने शिवायचं नाही. वीज कडाडत असेल तर त्या दिवशी मोजणी रद्द.

बोअर मोजायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. आतल्या पाईप-केबलमध्ये टेप अडकतो आणि बाहेर येत नाही. बंद पडलेला एखादा उघडा बोअर असेल तर तेवढा घ्या, आणि मोजून झाल्यावर त्याचं तोंड झाकण लावून बंद करा.

किती वेळा मोजायचं? भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. पोरांसाठी ते फार विरळ होतं, तीन महिन्यांत उत्साह जिरतो. दर पंधरा दिवसांनी, ठरावीक रविवारी सकाळी मोजा. सहा जोड्यांना तीन-तीन विहिरी आल्या तर दीड तासात काम होतं. मेचा शेवट आणि सप्टेंबरचा शेवट या दोन मोजण्या मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवायच्या नाहीत. वर्षाचं सगळं गणित त्यांच्यावर उभं राहतं.

पाऊस

पर्जन्यमापक विकत घेता आलं तर उत्तम. नाहीतर सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा. तळ उंचसखल असतो म्हणून खाली खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरा आणि बाहेरून पट्टी चिकटवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, लिहा, परत शून्यावर आणा. झाडापासून, भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा.

याचा उपयोग नुसत्या नोंदीपुरता नाही. सरकारी अतिवृष्टी महसूल मंडळातल्या एका यंत्रावर ठरते, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेघ. मंडळात बरीच गावं असतात, आणि पाऊस एका शिवारात कोसळतो तर शेजारच्या शिवारात शिंतडतो. तुमच्या बाटलीचा आकडा सरकारला पुरावा म्हणून चालणार नाही. पण तारीखवार लिहिलेली वही हातात असली की पंचनाम्याची मागणी "खूप पाऊस झाला" या वाक्याने सुरू करावी लागत नाही.

मुली आणि सुना

"मुलींनाही घ्या" असं म्हणून भागत नाही. पहाटेची विहीर त्यांना घरून मिळणार नाही, आणि त्यासाठी भांडून पहिल्या महिन्यात हाती काही लागतही नाही. त्यांची वेळ शाळा-कॉलेज सुटल्यावरची, साडेचार-पाचची. त्यांच्याकडे गावठाणातले स्रोत द्या: हातपंप, नळ, टाकी, सार्वजनिक आड. मापं अशी: हंडा भरायला किती मिनिटं, नळ किती दिवसांनी आला आणि किती वेळ राहिला, टीडीएस किती. टीडीएस पाचशेच्या आत चांगलं, दोन हजारांच्या वर पिण्यालायक नाही. मात्र टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध असा अर्थ होत नाही. जंतू त्यात दिसत नाहीत. त्यासाठी एच-टू-एसची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर पाण्यात घाण मिसळते आहे. त्या दिवशी गावच्या पाण्याची निगा राखणाऱ्या जलसुरक्षकाला गाठून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली, नोंदवही कुठं आहे, हे विचारायचं. पोरीच विचारतात तेव्हा तो टाळाटाळ कमी करतो, असा अनुभव जवळपास सगळीकडचा.

परवानगी बापाकडे नाही, आधी आईकडे मागा. पाणी भरायचा जाच तिला माहीत असतो. तिघी-तिघींचे गट करा. मुलींचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ठरवा. एकच फोटो कुठंतरी फिरला की सगळ्या मुली एका संध्याकाळीत बंद होतात.

आणि सुना. एकोणीस-वीस वर्षांची लग्न होऊन आलेली पोरगी कुठल्याच युवक यादीत नसते, जणू लग्नाने तारुण्य संपतं. गावातल्या निम्म्या हंड्यांचा हिशेब तिच्याकडे असतो. तिच्यापर्यंत बचत गटातून पोचता येतं.

वर्षाचा मेळ

शहरातली माणसं बहुतेक इथंच चुकतात. जानेवारीत उत्साहाने सुरू करतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि जत्रा. गट मोडतो. सुरुवात मेच्या शेवटी करा. परीक्षा संपलेल्या असतात, पोरं रिकामी असतात आणि विहिरी तळाला असतात, त्यामुळे पहिलंच माप महत्त्वाचं ठरतं. जूनमध्ये पाणी चढताना आकड्यात दिसतं, आणि तो चढता आकडा बघायची ओढ लागते.

बीड आणि आसपासच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला घरंच्या घरं जातात, मार्च-एप्रिलला परततात. त्या घरांतल्या पोरांना "नियमित नाहीत" म्हणून वगळू नका. त्यांच्या जोडीला दुसरी जोडी आधीच लावून ठेवा आणि विहिरी वहीसकट रीतसर सोपवा. परत आल्यावर मे-जूनची मोजणी त्यांच्याकडे द्या, बाकीचे काही तेव्हा लग्नात अडकलेले असतात.

पाण्याचा ताळेबंद

सप्टेंबरच्या शेवटच्या मोजणीनंतर दोन संध्याकाळी बसून हिशेब करायचा. गणित सातवीचं आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात. सरकारी कागदावर हाच शब्द असतो, म्हणून पोरांनी तोच वापरावा.

समजण्यासाठी एक गाव घेऊ: शिवार १,००० हेक्टर, लोक २,०००, मोठी जनावरं ५००, पावसाळ्यात पाऊस ७०० मिलिमीटर. पडलेलं पाणी ७,००० टीसीएम. हा आकडा बघून सगळे खूश होतात, पण त्यातलं बहुतेक उडून जातं, पिकं पितात नाहीतर वाहून जातं. आपल्या काळ्या कातळात मुरतं साधारण दहा-बारा टक्के. ११ टक्के धरले तर ७७०.

हा अंदाज खरा की खोटा, हे तुमच्या विहिरी सांगतात. मेपासून सप्टेंबरपर्यंत सगळ्या विहिरींचं पाणी सरासरी किती चढलं ते काढा. कातळाच्या पोकळीत साठायला जागा फार थोडी, दोन टक्क्यांच्या आसपास. चढ ४ मीटर असेल तर १,००० हेक्टर गुणिले ४ मीटर गुणिले २ टक्के, म्हणजे ८०० टीसीएम. ७७० आणि ८०० जवळजवळ सारखे, म्हणजे हिशेब जमला. एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट आला तर मोजणीत चूक आहे किंवा विहिरी एकाच पट्ट्यातल्या निवडल्या गेल्या आहेत. ग्रामसभेत जायच्या आधी ती शोधा.

आता खर्च. माणसाला रोज ५५ लिटर धरून दोन हजार लोकांना वर्षाला ४० टीसीएम. जनावरांना रोज ६० लिटरने ११. हरभरा १५० हेक्टर, दोन पाणी दिली तर हेक्टरी दीड टीसीएम, एकूण २२५. ऊस ४० हेक्टर. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षात हेक्टरी वीसच्या पुढं लागतात, पण पावसाळ्यातली गरज वजा करून विहिरीतून पंधरा धरा, झाले ६००. बेरीज ८७६. जमेला मुरलेले ७७० आणि पाझर तलावातले समजा ६०, म्हणजे ८३०. तूट ४६.

इथं पोरांना स्वतःच गणित करू द्या, तुम्ही सांगू नका. पिण्याचे ४० भागिले उसाचे १५. अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी म्हणजे साडेसहा एकर ऊस. हा आकडा कागदावर स्वतःच्या हाताने आला की बैठकीत एकदम शांतता होते. त्यात ज्यांच्या घरी ऊस आहे अशीही पोरं असतात, आणि तीच पुढं घरी जाऊन बोलतात.

शेततळ्यांबद्दल एक इशारा. पावसाचं वाहतं पाणी साठवणारं शेततळं जमेच्या बाजूला लिहा. बोअरने उपसून भरलेलं प्लास्टिकचं शेततळं जमेत धरू नका. ते जमिनीतलंच पाणी वर आणून उन्हात ठेवलेलं असतं. जालना तालुक्यातलं कडवंची शेततळ्यांवरच्या द्राक्षांसाठी नावाजलेलं आहे, पण तिथं आधी पाणलोटाची कामं झाली होती. पोरांची एक सहल तिकडं काढा, आणि तळी बघायच्या आधी माथ्यावरचे चर बघायला लावा.

ग्रामसभा

सगळी मेहनत इथं वसूल होते किंवा वाया जाते. वेळ महत्त्वाची. रब्बी ज्वारीची पेर सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते आणि हरभरा ऑक्टोबरात पेरतात. आकडा दिवाळीनंतर मांडला तर बियाणं घरात आलेलं असतं आणि लोक माना डोलावून उठून जातात. २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठा.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत विषय यावा म्हणून त्याच्याही आधी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा. पदाचं नाव कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. "ऐनवेळच्या विषयात घेऊ" असं सांगितलं तर नम्रपणे नको म्हणा. ऐनवेळचे विषय चहा आल्यावर येतात.

गणपूर्तीला मतदारांचे १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. अठराच्या वरच्या, मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्या पोरांना आणून बसवा. नाव नसेल तर आधी नोंदवून घ्या. अठराच्या आतल्यांसाठी बालसभा आणि बायकांसाठी ग्रामसभेआधीची महिला सभा आहे. हंड्याचे आकडे मुलींनी महिला सभेतच मांडावेत, म्हणजे ग्रामसभेत ते ठराव म्हणून येतात.

मांडणी सात मिनिटांची, तिघांनी करायची. एकाने विहिरी, एकीने पिण्याचं पाणी, एकाने तूट आणि मागणी. प्रोजेक्टर नको. भर दुपारी पडद्यावर काही दिसत नाही आणि लाईट जाते. मोठा फळा आणि त्यावर चार ओळी बस. कुणाच्या शेताचं, कुणाच्या बोअरचं नाव घ्यायचं नाही. "पाटलांच्या उसाने गाव वाळवलं" असं एक वाक्य तोंडातून गेलं की पाण्याचा विषय संपतो, भावकीचा सुरू होतो.

मागणी तीनच्या वर नको, आणि गावाच्या हातातली असावी. उदाहरणार्थ: दहा हेक्टर उसाला ठिबक करणाऱ्यांचे अर्ज ग्रामपंचायतीने एकत्र पाठवावेत. ठिबकने एक तृतीयांश पाणी वाचलं तर ५० टीसीएम निघतात आणि तूट मिटते, मात्र वाचलेल्या पाण्यावर नवा ऊस लागला नाही तरच. हेही ठरावात लिहून घ्या. दुसरी, पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवा बोअर होऊ द्यायचा नाही. भूजल कायद्यात ही मर्यादा आधीपासून आहे, पण ती वाचून दाखवणारं कुणी नसतं. तिसरी, पाझर तलावातला गाळ काढण्याची.

ठराव झाला म्हणून घरी जाऊ नका. प्रोसिडिंगमध्ये तो कोणत्या शब्दांत लिहिला ते तिथंच वाचा, ठराव क्रमांक टिपून घ्या, आणि आठवड्यात नक्कल मागा. "विचार करण्यात यावा" असं लिहिलं असेल तर काहीच ठरलेलं नाही, असं समजा. नक्कल मिळत नसेल तर दोनदा तोंडी, एकदा लेखी मागा आणि मगच माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत, उत्तराला तीस दिवस. पहिल्याच दिवशी माहितीचा अधिकार टाकणाऱ्या गटाशी ग्रामसेवक वर्षभर बोलत नाही, आणि त्याच्याशी बोलणं तुम्हाला दर पंधरा दिवसांनी लागतं.

गट कुठं फुटतो

पहिली जागा म्हणजे निवडणूक. ग्रामपंचायतीची निवडणूक वर्षभरात असेल तर गटातला कुणीतरी उभा राहणारच. त्याला अडवू नका, तो हक्क आहे. पण अर्ज भरला की त्याची विहीर आणि वही दुसऱ्याकडे जाते, हा नियम निवडणुकीचं नावही नसताना लिहून ठेवा.

दुसरी जागा पुढारपण. "अध्यक्ष" नेमला की बाकीचे अकरा जण प्रेक्षक होतात. अध्यक्ष नेमूच नका. महिन्याची पाळी लावा. ज्याची पाळी तो फळा लिहील आणि ग्रुपवर आठवण करेल, बस.

तिसरी सगळ्यात साधी: घरी बसून आकडा लिहिणं. मागच्या वेळी ६.३० होतं, पाऊस नाही, तर ६.४० टाकून दिलं. हे होतंच. यावर उपाय रागावणं नाही. दर महिन्याला कुठल्याही दोन विहिरी दुसऱ्या जोडीने त्याच दिवशी मोजायच्या. दोन मापांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चौघांनी मिळून तिसऱ्यांदा मोजायचं, सगळ्यांसमोर, विहिरीवर. तिथं कुणाला काही बोलावं लागत नाही.

आणि पोरं जातात. पुण्याला कंपनीत, संभाजीनगरला वाळूजला, भरतीत निवड होऊन. दोन वर्षांत निम्मा गट बदलतो हे धरूनच चाला. जाणाऱ्याने जायच्या आधी नव्या पोराला आपल्या तिन्ही विहिरींवर दोन रविवार सोबत न्यायचं: रेघ कुठं आहे, कुठल्या बाजूने माती ढासळते, कुठल्या मळ्यात कुत्रं मोकळं असतं, मालक कोणत्या वेळी चहा पाजतो. वहीच्या शेवटच्या पानावर दोघांनी सह्या करायच्या आणि टेप त्याच्या हातात द्यायचा.